दोन बोटं पाणी

बदनापूर तालुक्यातल्या कुठल्याही गावात पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला विचारा, पोहायला कुठं शिकलात? बहुतेक जण एखाद्या विहिरीचंच नाव घेतील. कमरेला दोर, पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर पत्र्याचा रिकामा डबा, आणि वर काठावर उभा असलेला काका किंवा थोरला भाऊ. पहिल्या उडीनंतर पाण्यात डोळे उघडले की जे दिसतं ते आयुष्यभर लक्षात राहतं. हिरवट उजेड, त्यात दगडी बांधकामाची नुसती सावली, आणि डोळ्यांसमोर धरलेला आपलाच हात कडा विरघळल्यासारखा. आपल्याला वाटतं, पाणीच गढूळ आहे. पाणी गढूळ असतंही. पण त्या अंधुकपणात मोठा वाटा आपल्या डोळ्याचा असतो.

माणसाच्या डोळ्याची प्रकाश वळवण्याची ताकद साधारण ६० डायॉप्टर असते. त्यातली चाळीसहून अधिक ताकद एकट्या पारपटलाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची. हवेतून या पडद्यात शिरताना किरण चांगलाच वळतो. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याचं माप, १.३३ आणि पारपटलाचा १.३८ च्या आसपास. दोघं इतके सारखे की पाण्यातून आत येणारा किरण जवळजवळ सरळच निघून जातो आणि डोळ्याची बहुतेक ताकद काठावरच राहते. गॉगल चढवला की पारपटलापुढं पुन्हा हवा येते, आणि त्याच विहिरीतली काळ्या दगडाची सांध न सांध दिसायला लागते.

एक प्रयोग घरीच करून पाहा. वाचायचं साधं भिंग पाण्याच्या बादलीत बुडवा आणि तळावरचं नाणं त्यातून बघा. भिंग जवळजवळ निकामी झाल्यासारखं वाटेल. काचेचा अपवर्तनांक १.५ धरला तर पाण्यात त्या भिंगाची ताकद चौथ्या हिश्शावर येते. पाण्याखाली छायाचित्रं काढणाऱ्यांची सगळी खटपट या एका गोष्टीपासून सुरू होते : आपली सगळी भिंगं हवेसाठी घडवलेली आहेत.

म्हणून कॅमेरा पाणबंद पेटीत घालतात. पेटीच्या तोंडाशी काच, काचेमागं हवा, हवेत भिंग. काच सपाट असली तर पाण्यातली वस्तू आहे त्याच्या पाऊण अंतरावर आणि एक तृतीयांश मोठी दिसते. पातेल्यातलं नाणं उथळ दिसतं तेच हे. लहान जीव टिपायचा असेल तर हे फायद्याचंच. पण सपाट काचेतून पाण्यातला सुमारे ९७ अंशांपलीकडचा प्रकाश आत येऊच शकत नाही, आणि त्या मर्यादेच्या बऱ्याच आधीच कडेला रंग फाटतात, रेषा ताणल्या जातात. रुंद दृश्य टिपणारं वाइड अँगल भिंग सपाट काचेमागं वाया जातं.

आता पाण्याकडं वळू, कारण आमच्या भागात खरी अडचण तिथं आहे.

बदनापूर जालना–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरचं गाव. कृषी संशोधन केंद्रामुळं तुरीच्या वाणांसाठी शेतकऱ्यांना ते ठाऊक आहे. जवळच सोमठाण्याला अप्पर दुधना प्रकल्पाचा जलाशय आहे. दुधना पुढं पूर्णेला मिळते आणि पूर्णा गोदावरीला. या सगळ्या पाण्याखाली बेसाल्ट आहे आणि त्यावर काळी चिकणमाती. या मातीचे कण फार बारीक असतात. एक मायक्रॉन जाडीचा कण अगदी स्थिर पाण्यातसुद्धा दिवसाला सातआठ सेंटिमीटरच खाली उतरतो, म्हणजे मीटरभर बसायला त्याला जवळजवळ तेरा दिवस लागतात. पाणी तेरा दिवस स्थिर राहतं कुठं? वारा येतो, म्हशी उतरतात, मोटार सुरू होते. पूर्वी घरोघरी निवळीच्या झाडाची बी उगाळून गढूळ पाण्यात टाकत, मग गाळ तळाशी बसे. पुढं तुरटी आली. माठातलं पाणी असं निवळवता येतं, तलाव नाही.

पाणी किती निवळ आहे हे मोजायची सोपी रीत इटलीतले धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेकी यांनी १८६५ मध्ये समुद्रावर वापरली. पांढरी तबकडी दोरीनं पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली नोंदवायची. जलशास्त्रज्ञ आजही हेच करतात. आपल्याला तबकडीसाठी कुठं जायला नको, जेवणाची स्टीलची ताटली पांढरा रंग लावून चालेल. दोरीला वीत-वीत अंतरावर गाठी मारा, म्हणजे मोजपट्टी झाली.

समजा, एखाद्या विहिरीत दर दहा सेंटिमीटरला दृश्याचा ठसठशीतपणा निम्मा होतो. मग साठ सेंटिमीटरवरच्या माशाचा चौसष्टावा हिस्साच ठसठशीतपणा कॅमेऱ्यापर्यंत पोचेल, म्हणजे मातकट पडद्यामागचा एक डाग. दहा सेंटिमीटरवर निम्मा उरेल. आणि मासा काचेपासून दोन सेंटिमीटरवर असला तर शंभरातले ८७ हिस्से शाबूत राहतील. विहीर तीच, पाणी तेच. पाण्याखाली छायाचित्रं काढणारा पहिला धडा शिकतो तो हाच. पाणी निवळायची वाट बघत बसू नये, मधलं पाणी कमी करावं. दोन सेंटिमीटर म्हणजे आपल्या बोलीतली दोन बोटंही नाहीत.

विजेरी लावून हा प्रश्न सुटत नाही, उलट बिघडतो. पिठाच्या गिरणीत छपराच्या फटीतून उन्हाची तिरीप आली की तिच्यात पिठाचा कण न कण चमकतो. कॅमेऱ्याशेजारचा दिवा गढूळ पाण्यात तेच करतो. मासा राहतो मागं आणि पुढं पांढऱ्या ठिपक्यांची भिंत उभी राहते. जितकं पाणी मध्ये, तितके कण मध्ये.

जवळ जायचं असेल तर मॅक्रो भिंग आहेच की, असं कोणी म्हणेल. आहे, आणि उत्तम आहे. पण त्यानं काय हाती लागतं ते बघू. आपल्याकडं डासांच्या अळ्या खायला विहिरीत, हौदात गप्पी मासे सोडतात. गप्पी तीन सेंटिमीटरचा धरा. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर १०० मिलिमीटरचं मॅक्रो भिंग लावून निम्म्या आकाराचं चित्र घेतलं तर चौकटीत सात सेंटिमीटर रुंदीचं जग मावतं. मासा झकास दिसेल, खवल्यांसकट. मागं मात्र नुसता हिरवा रंग. तो मासा बदनापूरच्या विहिरीतला आहे की मुंबईतल्या काचेच्या टाकीतला, हे चित्रावरून कोणालाही सांगता येणार नाही. साधं वाइड अँगल भिंग घेतलं तर उलटी गत होते. विहीर सगळी येते, पण भिंगाला जवळचं स्पष्ट दिसत नाही म्हणून मागं सरकावं लागतं, मध्ये पाणी येतं, आणि मासा म्हणजे तांदळाचा दाणा.

या दोघांच्या मधली जागा भरण्यासाठी वाइड अँगल मॅक्रो भिंग घडवलं गेलं. त्याचा हिशेब फार सुरेख आहे. १०० अंश रुंद बघणारं भिंग माशापासून तीन सेंटिमीटरवर आणलं तर त्या अंतरावर चौकटीत सुमारे सात सेंटिमीटर रुंदी मावते. तीन सेंटिमीटरचा गप्पी त्यात निम्म्याला थोडी कमी जागा घेतो. त्याच चौकटीत, त्याच क्षणी, तीन मीटरवरच्या समोरच्या भिंतीची सात मीटर रुंदी मावते, म्हणजे अख्खी विहीर. एकाच चित्रात जीव आणि त्याचं घर.

पण मागची विहीर धूसर झाली तर काय उपयोग? इथं भिंगाचं तोंड आतून किती उघडं आहे, ते महत्त्वाचं ठरतं. दूरची वस्तू किती पुसट होणार हे त्या उघड्या भोकाच्या व्यासावर अवलंबून असतं. १०० मिलिमीटरचं भिंग एफ ११ वर, म्हणजे त्याच्या मिलिमीटरच्या आकड्याला अकरानं भागून येईल एवढ्या भोकावर ठेवलं तर भोक नऊ मिलिमीटरचं. १५ मिलिमीटरचं भिंग त्याच एफ ११ वर ठेवलं तर भोक जेमतेम १.४ मिलिमीटरचं, मोठ्या टाचणीच्या डोक्याएवढं. इतक्या लहान भोकातून बघितलं की पुढचा मासा नेमका असताना मागची भिंत थोडी मऊ होते, पण ओळखू येते. पायरी, कोनाडा, मोटेच्या चाकाचा दगड, सगळं ओळखू येतं.

हे तंत्र जमिनीवर आधी पिकलं. जपानचे सातोशी कुरिबायाशी यांनी कीटकांच्या डोळ्यांच्या उंचीवरून, अगदी खेटून, तरीही मागचा डोंगर-आभाळ दाखवणारी छायाचित्रं काढली. त्यासाठी त्यांनी वैद्यकीय दुर्बिणीच्या धर्तीवर स्वतः भिंगं जुळवली. २००६ मध्ये त्यांना लेनार्ट निल्सन पुरस्कार मिळाला. त्यांच्या चित्रातला नाकतोडा संग्रहालयात टाचलेल्या नमुन्यासारखा वाटत नाही. तो शेतात राहणारा, शेताचा हिस्सा असलेला दिसतो. मला विचाराल तर या भिंगाचं खरं मोल इथं आहे. तांत्रिक करामत त्यानंतर येते.

पाण्याखाली हेच करायला मात्र अनेक दशकं गेली. फ्रान्सच्या बान्यूल्स इथं लुई बुताँ यांनी १८९३ मध्ये समुद्रात छायाचित्रं घेतली तेव्हा पेटी, प्लेट आणि दिवा मिळून केवढा तरी पसारा होता. १९२६ मध्ये विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी फ्लोरिडाजवळ पाण्याखालचं पहिलं रंगीत छायाचित्र टिपलं, ते मॅग्नेशियमची भुकटी पाण्यावर पेटवून. १९६३ मध्ये निकोनॉस हा पेटीशिवाय पाण्यात जाणारा कॅमेरा बाजारात आला. पुढं त्याच्यासाठी १५ मिलिमीटरचं एक भिंग निघालं, ज्याची पुढची काच थेट पाण्याला टेकण्यासाठीच घडवलेली होती. हवेसाठी घडवलेलं भिंग पाण्यात नेण्याऐवजी पाण्यासाठीच भिंग घडवायचं, हा विचार तिथं पक्का झाला.

पेटीतल्या कॅमेऱ्यासाठी तोडगा निघाला तो काचेच्या घुमटाचा. सपाट काचेऐवजी अर्धगोल काच लावली की किरण काटकोनात आत येतात आणि कडा फाटत नाहीत. पण घुमट एक वेगळीच गंमत करतो. दहा सेंटिमीटर त्रिज्येचा घुमट असेल तर पाण्यातलं कितीही दूरचं दृश्य काचेपुढं अवघ्या तीस सेंटिमीटरवर उभं असल्यासारखं भिंगाला दिसतं. घुमटाच्या त्रिज्येच्या तिप्पट अंतर, हा ढोबळ नियम. आणि तीन सेंटिमीटरवरचा मासा जेमतेम दोन सेंटिमीटरवर दिसतो. विहिरीतला जवळचा मासा आणि दूरची भिंत, सगळं जग त्या दोन ते तीस सेंटिमीटरच्या पट्ट्यात येऊन बसतं. म्हणून पाण्याखाली दूरचं बघणाऱ्या भिंगालाही जवळचं बघता आलंच पाहिजे. लहान घुमट वापरला तर जिवाच्या अधिक जवळ जाता येतं, पण मग हा पट्टा आणखी आखडतो आणि चित्राचे कोपरे मऊ पडतात. यातून सुटका नाही, निवड करावी लागते.

अलीकडं ओली भिंगं आली. पेटीच्या बाहेर, पाण्यातच चढवायची आणि पाण्यातच उतरवायची. त्यांच्या आत हवेचे बंद कप्पे असतात, म्हणून बादलीतल्या भिंगासारखी त्यांची ताकद गळत नाही. यातली बरीच भिंगं थेट काचेला टेकलेली वस्तूही स्पष्ट दाखवतात. चढवताना पेटीची काच आणि भिंग यांच्या मधला बुडबुडा झटकून काढायचा, एवढं पथ्य. तो राहिला तर चित्राच्या मधोमध आरशाचा तुकडा दिसतो.

हाँगकाँगच्या नॉटिकॅम कंपनीनं आणलेलं ईएमडब्ल्यूएल हे भिंग याच घराण्यातलं, पण रचनेनं निराळं. नेहमीच्या ९०-१०५ मिलिमीटरच्या मॅक्रो भिंगापुढं ते एक लांब नळी जोडतं. नळीच्या टोकाला छोटं रुंदबघं भिंग, आणि ते बदलता येतं : १६० अंशांचं, १३० चं, १०० चं. टोकाच्या भिंगातलं चित्र उलटं पडतं, ते मधली भिंगं सरळ करून मागं पोचवतात. नळी इतकी लांब कशाला, असं वाटेल. तिचं कारण सावली. माशापासून दोन बोटांवर आठ इंची घुमट नेला तर घुमटाचीच सावली माशावर पडते, दिव्याला मध्ये शिरायला वावच उरत नाही. टोक निमुळतं असलं की दोन्ही बाजूंनी उजेड आत येतो आणि जीवही तेवढा बिचकत नाही. जमिनीवरच्या कॅमेऱ्यांसाठी चीनच्या व्हीनस ऑप्टिक्सनं २०१५ मध्ये लाओवा नावानं १५ मिलिमीटरचं भिंग काढलं. त्यात पूर्ण आकाराचं चित्र घ्यायचं तर वस्तू काचेपासून ४.७ मिलिमीटरवर आणावी लागते. तिथं सावलीची अडचण काय असते ते कळतं. २०१८ मध्ये त्यांनीच बोटाएवढ्या जाडीच्या लांब नळीचं भिंग आणलं. त्याचं पुढचं टोक पाण्यात बुडलं तरी चालतं आणि टोकाशीच बारीक दिवे आहेत. कॅमेरा कोरडा ठेवून हौदात नुसतं टोक बुडवायचं. किमती या सगळ्यांच्या भारी आहेत, ईएमडब्ल्यूएलचा पूर्ण संच लाखांत जातो. त्यामुळं ही भिंगं मराठवाड्यात कोणी लगेच विकत घेईल असं मी म्हणत नाही. पण त्यांच्यामागचं तत्त्व फुकट आहे, आणि साध्या साधनांनीही त्याच्या बरंच जवळ जाता येतं.

महाराष्ट्रात पाण्याखालचा कॅमेरा म्हटलं की मालवणच डोळ्यांसमोर येतं, आणि ते योग्यच आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, २९.१२ चौरस किलोमीटरचं. शेजारी तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांनी तिची उभारणी केली. विजयदुर्गापासून शंभरहून अधिक किलोमीटर आत आंग्रिया बँक नावाचं बुडालेलं पठार आहे. कान्होजी आंग्र्यांचं नाव मिरवणाऱ्या त्या पठारावर प्रवाळ आहेत आणि पाणी निवळ. पण किनाऱ्याजवळ, सिंधुदुर्गाच्या आसपास, पाणी बऱ्याचदा हिरवट असतं आणि काही मीटरच दिसतं. तिथंही जो पुढं सरकून प्रवाळाला खेटतो त्याचंच चित्र उठून दिसतं. खोल पाण्यात आणखी एक फायदा होतो. पाणी लाल रंग सर्वांत आधी गिळतं, पाचसात मीटरवरच लाल मासा करडा दिसायला लागतो. दिवा आणि भिंग दोन्ही जिवाशी खेटलेले असले की उजेडाला पाण्यातून फार जावंच लागत नाही, आणि लाल रंग लालच राहतो.

मालवणचंच आणखी एक नाव इथं घ्यायला हवं. शंकर पुरुषोत्तम आघारकर १८८४ मध्ये मालवणला जन्मले. मुंबईत जीवशास्त्र शिकवत असताना त्यांना सह्याद्रीतल्या गोड्या पाण्यात जेलीफिश सापडला. तसला जेलीफिश तोवर फक्त आफ्रिकेत माहीत होता. १९१२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्याची नोंद आली. पुण्यातली आघारकर संशोधन संस्था त्यांच्याच नावाची. समुद्रकाठी जन्मलेल्या माणसाला मोठा शोध लागला तो डोंगरातल्या गोड्या पाण्यात. याच्याही आधी, १८४९ मध्ये, हेन्री कार्टर या डॉक्टरनं मुंबईच्या तलावांतल्या गोड्या पाण्यातल्या स्पंजांचं वर्णन छापलं होतं. तळ्यात स्पंज असतो हे आजही कित्येकांना खरं वाटत नाही. आपल्या गोड्या पाण्यात बघण्यासारखं काय आहे, या प्रश्नाचं उत्तर शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे.

बदनापूरच्या आसपासच्या पाण्यातही बघण्यासारखं खूप आहे, आणि त्यातलं बरंचसं याच भिंगाला नीट दिसेल असं. पाणविंचू घ्या. वाळक्या पानासारखा दिसणारा हा कीटक पाण्याखाली उलटा लटकतो आणि शेपटीकडची श्वासनळी पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत नेतो. मॅक्रोनं त्याचं डोकं येईल, नळी तुटेल. रुंद भिंगात डोकं, नळी, नळीचं टोक टेकलेला पाण्याचा पापुद्रा आणि त्यावरचं आभाळ एका चौकटीत येतं. तो जगतो कसा, हे एका चित्रात कळतं. पाण्यातले मोठे ढेकूण बघा. मादी नराच्या पाठीवर अंडी चिकटवते आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत नर ती वागवतो. मरळ माशाची जोडी आपल्या तांबूस-केशरी पिल्लांचा थवा पृष्ठभागाजवळ राखत फिरते, राखणदारासारखी. पिल्लं पुढं आणि खाली गढुळात मरळीचं डोकं, हे चित्र लांबून घेताच येणार नाही.

आणि विहिरीचं स्वतःचं असं एक लेणं आहे, जे समुद्राला सहसा मिळत नाही. पाण्याखालून वर बघितलं की डोक्यावर उजेडाचं एक गोल दार दिसतं. वरचं संपूर्ण आभाळ, क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचे १८० अंश, पाण्यात शिरताना वळून ९७ अंशांच्या त्या वर्तुळात दाटीनं बसतं. वर्तुळाबाहेर पृष्ठभाग आरसा होतो आणि त्यात खालची भिंत उलटी दिसते. कॅमेरा पृष्ठभागाखाली तीस सेंटिमीटरवर असला तर हे दार सुमारे ६८ सेंटिमीटर व्यासाचं असतं. मीटरभर खाली गेलं तर सव्वादोन मीटरचं. म्हणजे १०० अंशांचं भिंग हे अख्खं दार कसंबसं पकडतं, १३० अंशांचं भिंग भोवतालच्या आरशासकट. समुद्रावर लाटा हे दार सतत फोडत राहतात. विहिरीला फारसा वारा लागत नाही, त्यामुळं इथं ते तासन् तास अखंड राहतं.

गढुळावरचा सर्वांत चांगला उपायही इथंच सापडतो. आडवं बघितलं तर तीन मीटर पाणी भेदावं लागतं; वर बघितलं तर फक्त वीतभर. तिरपा वर रोखलेला कॅमेरा, काचेपासून दोन बोटांवर गप्पी किंवा बेडकाचं शेपटीवालं पिल्लू, आणि त्याच्यामागं उजेडाच्या दारात विहिरीचा काठ, वाकलेली बाभळ, बाभळीच्या फांद्यांना लोंबणारे सुगरणीचे खोपे. सुगरणीला खोपा पाण्यावर टांगायला आवडतो हे आपल्याकडं प्रत्येक पोराला ठाऊक असतं. खालून, माशाच्या बाजूनं, तो खोपा कसा दिसतो हे बघायला असलं भिंग लागतं. दुपारी साडेबारा-एकच्या सुमाराला ऊन सरळ आत उतरतं तेव्हा हे चित्र सर्वांत स्वच्छ मिळतं. इतर छायाचित्रकार टाळतात ती वेळ विहिरीत सोन्याची असते.

व्हिडिओची गोष्ट थोडी वेगळी. छायाचित्रात दिवा क्षणभर लखलखला की भागतं, व्हिडिओला सलग उजेड लागतो. म्हणून विहिरीत उन्हावरच भिस्त ठेवणं बरं. भिंग तीन सेंटिमीटरवर असताना हात बोटभर हलला तरी मासा चौकटीबाहेर जातो, पण मागची भिंत जागच्या जागी राहते. ही अडचण म्हणजेच या भिंगाची देणगीही आहे. कॅमेरा अगदी हळू सरकवला तर पुढचं सरकतं, मागचं थांबतं, आणि बघणाऱ्याला विहिरीची खोली जाणवते. स्वस्तातले ॲक्शन कॅमेरे रुंद बघतात, पण फूटभराच्या आतलं त्यांना नीट दिसत नाही. त्यांना जवळचं दाखवणारं ओलं भिंग जोडलं तर ईएमडब्ल्यूएलच्या किमतीच्या किरकोळ हिश्शात काम सुरू होतं. चित्र तितकं कोरीव येणार नाही. शाळेतल्या मुलांना पाणविंचवाचा श्वास दाखवायला पुरेसं येईल.

दोन गोष्टी मात्र निक्षून सांगतो. पहिली, पाण्यात उतरू नका. पोहता येत असलं तरी एकट्यानं नाहीच. शेततळ्यात तर मुळीच नाही. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि जालना जिल्ह्यात शेततळी वाढली. त्यांच्या प्लास्टिकच्या उताराला शेवाळ चढलं की पट्टीचा पोहणाराही बाहेर येऊ शकत नाही. अशा तळ्यांत माणसं गेली आहेत, मुलं गेली आहेत. बांबूला कॅमेरा बांधा, बांबूला दोर, दोराचं टोक झाडाला, आणि काठावर पालथं पडून काम करा. या भिंगासाठी तसंही वीतभर खोलीच पुरते. दुसरी, जीव उचलून ‘चांगल्या जागी’ ठेवू नका. पाणविंचू काडीवरून पानावर हलवला तर चित्र सुबक येईल, पण ते खोटं असेल. जीव आणि त्याचं खरं घर एकत्र दाखवता येतं म्हणून तर हे भिंग घ्यायचं. मरळीची पिल्लं पांगवायची नाहीत, ढेकणाच्या पाठीवरची अंडी खरवडायची नाहीत. जीव बिथरला तर कॅमेरा मागं घ्यायचा आणि तो दिवस तिथंच संपवायचा.

आमच्याकडं पाणी निवळतं ते दिवाळीनंतर आणि उतरायला लागतं ते मार्चपासून. मधल्या चार महिन्यांत आपल्या विहिरीवर एकदा जाऊन या. आधी दोरीला ताटली बांधून खाली सोडा, किती गाठींवर ती दिसेनाशी होते ते वहीत तारखेसह लिहा, आणि मग त्या अंतराच्या पाचव्या हिश्शाच्या आत जे जे दिसेल ते टिपा. पुढच्या वर्षी त्याच विहिरीवर, त्याच महिन्यात, तीच ताटली पुन्हा सोडा.